थांबवूक येता?

शुक्रवारी संध्याकाळी हिंजवडीतून निघायचं, कोल्हापूरच्या पुढे कुठेतरी जेवायचं, आंबोलीचा घाट धुक्यात उतरायचा आणि पहाटे शिरोड्यात आजीच्या हातचा चहा. गेली चार वर्षं माझे बरेच वीकेंड असे गेलेत. शिरोडा म्हटलं की लोकांना वि. स. खांडेकर आठवतात, १९३० चा मिठाचा सत्याग्रह आठवतो, वेळागरची वाळू आठवते. मला सध्या एक लालसर पटांगण आठवतं आणि नारळाच्या सोडणांची एक रांग. ती कशासाठी, ते सांगतो. पण आधी एक लाजिरवाणी गोष्ट सांगावी लागेल.

दोन वर्षांपूर्वीचा जून. मिरगाचा पहिला पाऊस रात्री पडून गेलेला. रविवारी सकाळी बाबांना डोळे तपासायला सावंतवाडीला घेऊन निघालो होतो. रस्ता ओला, वर सुरूच्या काड्या, आंब्याची पानं आणि बाजूच्या पायवाटांवरून वाहून आलेली तांबडी माती. वेग साठच्या आसपास, म्हणजे त्या रस्त्याला जास्तच. एका वळणानंतर गडग्याच्या आडून एक मुलगा सायकल घेऊन सरळ रस्त्यावर आला. मी ब्रेक दाबला. पायाखाली पेडल थरथरायला लागलं, खडखड असा आवाज आला, आणि मला वाटलं की गाडीचं काहीतरी तुटलं. मी पाय उचलला.

अर्धा सेकंद असेल. मग पुन्हा दाबला. गाडी थांबली, पण थांबता थांबता सायकलच्या मागच्या चाकाला लागलीच. मुलगा बाजूला पडला, कोपर खरचटलं, चाकाची कड वाकली. बास, तेवढंच. त्याची आई धावत आली, मला जे बोलायचं ते बोलली, तिने बोललेला प्रत्येक शब्द मला लागू होता. सायकल दुरुस्त करून दिली, मुलाला डॉक्टरकडे नेऊन आणलं. संध्याकाळी तो वेळागरला क्रिकेट खेळताना दिसला तेव्हा कुठे माझे हात थरथरायचे थांबले.

बाबा काहीच बोलले नाहीत. सावंतवाडीला जाताना नाही, येताना नाही. पण पुढच्या महिन्यात पुन्हा डोळ्यांची तारीख होती आणि मी मुद्दाम सुट्टी टाकून आलो, तर बाबा पिशवी घेऊन एसटी स्टँडकडे चालू लागले. "गाडी आहे ना!" म्हटलं. "असांदे," म्हणाले. शिरोड्यातल्या माणसाने "असांदे" म्हटलं की विषय संपतो.

आता मी पडलो इंजिनिअर. प्रॉडक्शनमध्ये काही कोसळलं की आम्ही मूळ कारण शोधतो, त्याचा रिपोर्ट लिहितो, चार लोकांच्या मीटिंगमध्ये एकमेकांकडे बोट दाखवतो. इथे बोट दाखवायला दुसरं कुणी नव्हतं. गाडी उत्तम होती. जे थरथरलं ते एबीएस होतं, आणि ते अगदी बरोबर काम करत होतं. चाक लॉक होतंय असं सेन्सरला दिसलं की ते एका सेकंदात कित्येकदा ब्रेकचा दाब सोडतं आणि पुन्हा धरतं, म्हणून पेडल खडखडतं. म्हणजे तो आवाज सांगत होता, "मी आहे, तू दाबून ठेव." मी बरोब्बर उलटं केलं. ब्रेक लागेपर्यंत वेग पन्नासवर आला होता असं धरलं, तरी पन्नासला अर्ध्या सेकंदात गाडी जवळजवळ ७ मीटर जाते. त्या ७ मीटरांत सायकल होती.

भारतात एप्रिल २०१९ पासून विकल्या जाणाऱ्या प्रत्येक नव्या कारमध्ये एबीएस सक्तीचं आहे. म्हणजे तुमच्याकडे गेल्या काही वर्षांत घेतलेली कार असेल तर त्यात ते आहेच. एक साधा प्रश्न विचारतो, रागावू नका. तुम्ही ते कधी अनुभवलंय? मुद्दाम, रिकाम्या जागी, आयुष्यात एकदा तरी? मी ऑफिसच्या कँटीनमध्ये हा प्रश्न टेबलावरच्या आठ जणांना विचारला. सगळ्यांकडे कार. कुणाला शून्य ते शंभर किती सेकंदांत होतं ते पाठ होतं, कुणाला टॉर्कचे आकडे, सनरूफवर तर एक वेगळं चर्चासत्रच झालं. एबीएस पायाखाली कसं लागतं हे एकाला माहीत होतं, आणि तोही मुंबई-गोवा हायवेवर म्हशीमुळे शिकलेला.

आपण सॉफ्टवेअरवाले एक सर्व्हर पडला तर दुसरा उठतो का, हे आधी स्टेजिंगवर दहा वेळा पाहतो. लोड टेस्ट करतो. बॅकअप घेतलाय एवढं पुरत नाही, तो रिस्टोअर होतो का ते बघतो. आणि बाराशे किलोचा लोखंडी डबा थांबतो कसा, याची पहिली टेस्ट थेट प्रॉडक्शनमध्ये. समोर पोरगं असताना.

हे नुसतं माझंच नाही, याला पुरावा आहे. नव्वदच्या दशकात मर्सिडीझच्या इंजिनिअरांनी सिम्युलेटरमध्ये साध्या ड्रायव्हरांना बसवून अचानक अडथळे समोर आणले. निघालं असं की बहुतेक लोक ब्रेकवर पाय वेळेत नेतात, पण पुरेसा जोर लावतच नाहीत. घाबरूनही हळूच दाबतात! त्यावर उपाय म्हणून त्यांनी १९९६ मध्ये ब्रेक असिस्ट आणलं, म्हणजे पाय झटकन पडला की उरलेला जोर गाडीच लावते. माणूस शिकणार नाही, हे गृहीत धरून केलेली ती सोय आहे.

आमच्या गल्लीत एक काका आहेत. नात्याने काका नाहीत, पण शिरोड्यात सगळेच काका. उमेदीची सगळी वर्षं त्यांनी रेडीच्या खाणीतून खनिज वाहणारे ट्रक चालवण्यात घालवली. ती गोष्ट त्यांच्या कानावर गेलीच (शिरोड्यात कानावर जायला मोबाईलची रेंज लागत नाही). मी ओट्यावर टेकलो तर म्हणाले, "झिला, गाडी पळवूक सगळ्यांका येता. थांबवूक येता काय तुका?"

मला राग आला. खरं सांगतो, आला. आठ वर्षं गाडी चालवतोय, पुणे-शिरोडा रात्रीत करतो, आणि हे मला विचारतात! पण उत्तर नव्हतं.

काकांची गाडीशी पहिली ओळख ब्रेकने. दुसऱ्याची गाडी चालवायला घेतली की ते आधी विचारणार, "ब्रेक कसो आसा?" मग जागेवरच पेडल दाबून बघणार, मग दहाच्या वेगाने पाच पावलं पुढे जाऊन दाबणार, आणि मगच रस्त्याला लागणार. घाटात त्यांचा नियम एकच, ज्या गियरमध्ये चढशील त्याच गियरमध्ये उतर. हे ऐकायला म्हातारबोवांचं शहाणपण वाटतं, पण एकदा आकडे मांडून बघा. आंबोलीवरून खाली येताना ५०० मीटरची उंची उतरलो असं धरू. ती सगळी ऊर्जा नुसत्या ब्रेकने जिरवायची म्हटली, तर ते साठच्या वेगावरून गाडी ३५ वेळा थांबवण्याएवढं होतं. पस्तीस! तेही वीसेक मिनिटांत. गाडी लहान असो की मोठी, हा आकडा तोच येतो, कारण गणितात वजन दोन्हीकडून उडून जातं. ही सगळी उष्णता चकत्यांमध्ये, पॅडमध्ये आणि ब्रेक ऑइलमध्ये.

आणि ब्रेक ऑइल पाणी शोषून घेतं. डॉट ४ चं ताजं ऑइल निदान २३० अंशांपर्यंत उकळत नाही, पण त्यात ओलावा मुरला की मानकानुसार ही हद्द १५५ पर्यंत खाली येऊ शकते. डॉट ३ असेल तर २०५ वरून १४०. ऑइल उकळलं की नळीत वाफ, वाफ दाबली जाते, आणि पेडल स्पंजासारखं खाली जातं. कोकणातल्या दमट हवेत चार-पाच वर्षं ऑइल न बदललेल्या किती गाड्या मे महिन्यात आंबोली उतरत असतील, याचा विचार केला की मी आपला दुसऱ्या गियरमध्ये पुढच्यापासून लांब राहतो. मागून हॉर्न वाजले तरी. वाजवा म्हणावं.

असो. काकांनी मला घाट शिकवला, पण अचानक थांबायचं कसं ते शिकायला मी गेलो कोइम्बतूरला. आता हा जरा श्रीमंती थाट वाटेल, आणि आहेच. आपल्याकडे रस्त्यावरची साधी कार घेऊन नीट सर्किटवर शिकायचं तर पुण्याहून कोइम्बतूर नाहीतर चेन्नई, दोन्हीकडे हजार किलोमीटरच्या वर. ज्या नोएडाजवळच्या बुद्ध सर्किटवर २०११ ते २०१३ अशी तीन वर्षं फॉर्म्युला वन झाली ते तर अजून लांब. ऑफिसातल्या तिघांनी कोइम्बतूरच्या करी मोटर स्पीडवेवर दोन दिवसांचं शिक्षण घ्यायचं ठरवलं होतं, मी चौथा झालो. त्या तिघांच्या डोक्यात रेस होती. माझ्या डोक्यात सायकल.

२.१ किलोमीटरचा तो ट्रॅक. आम्ही हेल्मेट वगैरे घालून छाती काढून उभे, आणि शिकवणारा म्हणाला की आज दुपारपर्यंत तुम्ही फक्त थांबायचंय. तिघांचे चेहरे बघण्यासारखे झाले. पण मला तिथे जे कळलं ते सांगतो, कारण यातलं नव्वद टक्के रस्त्यावर लागू आहे.

आधी सीट. पेडल पूर्ण खाली दाबल्यावरही गुडघा थोडा वाकलेला राहिला पाहिजे. मी सीट इतकी मागे घेऊन बसत होतो (स्टाईल!) की जोरात दाबताना माझा पाय सरळ होऊन संपायचा. आठ वर्षं मला पूर्ण ब्रेक लावताच येत नव्हता, आणि मला ते माहीत नव्हतं.

मग दाबायची रीत. आपण सगळे ब्रेक उलटा लावतो. सुरुवातीला हळू, मग अडथळा जवळ आला की घाबरून जोरात. ट्रॅकवर शिकवतात ते असं, की सुरुवातीलाच घट्ट, शेवटी हलकं. पण घट्ट म्हणजे लाथ नव्हे. पहिल्या क्षणी पाय पेडलवर बसवायचा, गाडीचं नाक खाली येऊ द्यायचं, वजन पुढच्या चाकांवर सरकू द्यायचं, आणि त्याच दमात जोर वाढवत न्यायचा. वजन पुढे आलं की पुढचे टायर रस्त्याला जास्त चिकटतात, म्हणजे तुम्हाला वापरायला जास्त पकड मिळते. हे सगळं पाव-अर्ध्या सेकंदाचं काम. एबीएस नसलेल्या गाडीत चाक लॉक होण्याच्या जरा अलीकडे पाय रोखून धरायचा, ही तर वेगळी साधना आहे. एबीएस असेल तर संकटात काही कौशल्य नको, पाय खाली आणि तिथेच. सगळं थरथरू दे, किंचाळू दे, पाय तिथेच.

तिसरी गोष्ट म्हणजे पकडीचं बजेट. एकेक टायर रस्त्याला टेकतो तो जेमतेम तळहाताएवढा. असे चार तळहात, एवढीच आपली मिळकत. ती ब्रेकवर खर्च करा किंवा वळण्यावर. पगार तेवढाच आहे, घराचा हप्ता आणि गाडीचा हप्ता दोन्ही पूर्ण भरायला गेलात की तिसऱ्या आठवड्यात काय होतं ते तुम्हाला माहीत आहे. म्हणून ब्रेक सरळ रेषेत, वळायच्या आधी. वळणात शिरताना ब्रेक हळूहळू सोडत जायचा आणि तेवढंच स्टिअरिंग वाढवायचं, हे रेसवाल्यांचं पुढचं प्रकरण. मला ते दुसऱ्या दिवशी दोनदा जमलं, अकरा वेळा नाही जमलं.

आणि डोळे. अडथळ्याकडे बघाल तर अडथळ्यावर जाल. मोकळ्या जागेकडे बघा. हे वाक्य तिथे ऐकलं आणि मला आठवलं की मी त्या दिवशी पूर्ण वेळ सायकलच्या लाल मडगार्डकडे बघत होतो. रस्त्याची उजवी बाजू पूर्ण रिकामी होती. एबीएस असतं ते मुळात त्यासाठीच, ब्रेक दाबलेला असतानाही गाडी वळवता यावी म्हणून. मी नुसता पाय दाबून ठेवला असता आणि उजवीकडे हातभर वळवली असती तरी भागलं असतं.

तिथेच बसून मी एका कागदावर हिशोब केला. कोरडा चांगला रस्ता, भानावर यायला १ सेकंद. साठच्या वेगाला गाडी थांबायला साधारण ३४ मीटर लागतात. ऐंशीला ५३. शंभरला ७६. इथवर शाळेतलं भौतिकशास्त्र. आता दोन गाड्या शेजारी शेजारी चालल्यात असं धरा, एक साठला, एक ऐंशीला. दोघांना अडथळा एकाच क्षणी दिसला. साठवाली जिथे कशीबशी थांबते, तिथून ऐंशीवाली त्या क्षणी किती वेगाने जात असेल? वीसने? नाही. त्रेसष्टने. आपण म्हणतो, "वीसच तर जास्त होता." तो वीस धडकेच्या जागी त्रेसष्ट होऊन येतो. हा आकडा मी तीनदा तपासला, कारण माझा विश्वास बसेना.

तर ते पटांगण. शिरोड्याच्या बाहेर सड्यावर एक बंद पडलेली चिरेखाण आहे, तिच्या वरच्या अंगाला ट्रक भरायला सपाट केलेली जागा. खाजगी, मावसभावाच्या ओळखीतली, चहूबाजूंनी मोकळी, खाणीचा खड्डा बराच लांब. परवानगी घेतली, गुरं येत नाहीत ना ते बघितलं, तोंडाशी भावाला उभं केलं. प्लास्टिकचे कोन कुठून आणणार, म्हणून आजीच्या मागीलदारची नारळाची सोडणं आणली. टायरखाली गेली तरी बिघडत नाही, उलट चुलीला सोपी होतात. :-)

(वेळागरच्या पुळणीवर गाडी घालून गोल गोल फिरवणाऱ्यांनी हे वाचत असाल तर, तुमच्यासाठी वेगळा लेख लिहीन. त्या वाळूत कासवं अंडी घालतात. आणि भरतीला रुतलेली तुमची गाडी ओढून काढायला आमचीच माणसं येतात, तेव्हा तुमचा कंट्रोल आम्ही बघितलेला आहे.)

पहिल्या दिवशी चाळीसच्या वेगाने सोडणांच्या रांगेपाशी पूर्ण ब्रेक. थांबलो तिथवर पावलं मोजली, १९. पुन्हा. १८. काका एका दगडावर बसून विडी ओढत होते, काही बोलले नाहीत. दुपारनंतर कळलं की मी अजूनही पेडल थरथरलं की नकळत किंचित ढील देतोय. डोक्याला माहीत होतं, पायाला नव्हतं. डोक्याचं ज्ञान पायापर्यंत पोचायला मला त्या दिवशी तीस-चाळीस वेळा थांबावं लागलं. मध्ये मध्ये चकत्या थंड व्हायला गाडी फिरवत ठेवायची. संध्याकाळी १३ पावलं आली. तांबडी बारीक खडी होती, डांबरावर आणखी कमी आली असती. सुट्या खडीवर एबीएस कधी कधी थोडं लांब थांबवतं, कारण लॉक झालेलं चाक पुढे मातीचा ढीग करून त्याला अडतं, ते सुख एबीएस देत नाही. पण वळता येतं. सोडणांच्या रांगेला वळसा घालून थांबायचं हा पुढचा धडा.

शेवटचा धडा काकांचा. त्यांनी घरून स्टीलचा तांब्या आणला, काठोकाठ भरला, आपल्या पायांत धरून बाजूला बसले आणि म्हणाले, आता थांबव. पाणी सांडता नये. थांबण्याच्या शेवटच्या क्षणी पाय किंचित सैल केला की गाडीचं नाक मागे हिसका देत नाही. रेसवाल्यांची "शेवटी हलकं" ती हीच. काकांची पँट चारदा भिजली.

आता यावर एक आक्षेप येतो, आणि तो फालतू नाही. माझा एक मित्र म्हणाला, "असलं शिकून लोक आणखी माजतील." नॉर्वेत १९७९ नंतर नव्या ड्रायव्हरांना घसरड्या रस्त्यावर गाडी सावरायचं शिक्षण सक्तीचं केलं होतं. पुढच्या अभ्यासात दिसलं की तरुण मुलांचे अपघात कमी व्हायच्या ऐवजी वाढले. मुलांना वाटायला लागलं, आता आपल्याला येतं. हे वाचून मी दोन दिवस गप्प होतो, कारण कोइम्बतूरहून परतताना माझाही वेग नेहमीपेक्षा जास्त होता. होता, खोटं कशाला बोलू.

पण स्वीडनने पुढे काय केलं तेही बघा. त्यांनी अशा शिक्षणाचा रोखच बदलला. घसरलेली गाडी सावरायला शिकवण्यापेक्षा ती तुम्हाला सावरता येत नाही, हे दाखवण्यावर भर दिला. माझं म्हणणं तेच आहे. ड्रिफ्ट, हँडब्रेकने गाडी फिरवणं, हे रस्त्यावरच्या माणसाला शिकवूच नका. पण ४० वरून थांबायला किती पावलं लागतात आणि ६० वरून किती, हे स्वतःच्या पायांनी मोजायला लावा. तिप्पट नाही, पण दुपटीच्या वर जातात. दीडपट वेग आणि दुपटीहून जास्त पावलं! सोडणं ओलांडून तुम्ही चालत चालत त्या खुणेपर्यंत जाता ना, तेव्हा माज येत नाही. पोटात खड्डा पडतो.

आणि हे लायसन्स देताना का नाही? केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मध्ये परीक्षेत उमेदवाराने काय काय करून दाखवायचं त्याची यादी आहे, त्यात आणीबाणीत गाडी थांबवणंही आहे. कागदावर आहे. आपण देतो काय, तर इंग्रजी आठ काढून दाखवतो, रिव्हर्स घेतो, चढावर थांबून सुटतो. ब्रिटनमध्ये परीक्षक चालत्या गाडीत अचानक थांबायला सांगतो, सगळ्यांना नाही, पण कुणालाही सांगू शकतो, म्हणून सगळे तयारी करून येतात. आपल्याकडे २०२२ या एका वर्षात रस्त्यावर १ लाख ६८ हजारांहून जास्त माणसं गेली. त्यातली किती नुसत्या नीट ब्रेकने वाचली असती हे मला सांगता येणार नाही, आणि कुणी छातीठोक आकडा सांगितला तर मी त्याच्यावर विश्वास ठेवणार नाही. पण पंधरा मिनिटांची परीक्षा आणि एक रिकामी पट्टी, एवढ्याला नाही म्हणायला कारणही मला सापडत नाही. इंजिनिअरिंगच्या चार वर्षांत आम्ही वर्कशॉपमध्ये फाइल घासून घासून चौकोन केले. कुणीतरी एक दिवस मैदानावर नेऊन ब्रेक दाबायला लावला असता तर!

तोवर तुमचं तुम्ही करा. सोसायटीच्या पार्किंगमध्ये नाही, आणि पहाटेच्या रिकाम्या हायवेवर तर अजिबात नाही, रिकामा हायवे रिकामा नसतो. खाजगी मोकळी जागा, मालकाची परवानगी, मागेपुढे कुणी नाही, गाडीत सुटं सामान नाही. तीसपासून सुरुवात. आधी टायर बघा. ब्रेक ऑइल कधी बदललं ते आठवत नसेल तर बदलायची वेळ झाली आहे. समुद्रकाठी दोन दिवस गाडी उभी राहिली तर चकत्यांवर गंज चढतो, पहिले दोन-तीन ब्रेक करकरतात, ते आधी साफ होऊ द्या.

गेल्या मे महिन्यातली गोष्ट. मी पटांगणावर सोडणं मांडत होतो, तर काकांबरोबर बाबाही आलेले. फिरायला आलो म्हणाले. सड्यावर, दुपारी चारला, मे महिन्यात, फिरायला! दगडावर बसून त्यांनी माझे पाच-सहा ब्रेक बघितले. मग उठले आणि ड्रायव्हरच्या बाजूने आले.

"सर जरा."

बाबांचं लायसन्स माझ्याहून जुनं, पण एबीएसवाली गाडी त्यांनी कधी चालवली नव्हती. मी बाजूला बसलो. सीट पुढे घ्यायला लावली, गुडघा वाकतोय ना ते बघितलं. चाळीसला सोडणांपाशी आलो, मी म्हटलं "आता", आणि बाबांनी खरोखर जीव खाऊन ब्रेक दाबला. पेडल खडखडलं. बाबांनी पाय उचलला.

गाडी रांगेच्या बरीच पुढे जाऊन थांबली. एक सोडण टायरखाली. बाबा काही क्षण पेडलकडे वाकून बघत राहिले.

"लाथा मारता रे ह्या," म्हणाले.

"हो."

"तेव्हा तुकाय अशीच मारली?"

"हो."

त्यांनी काच खाली केली, काकांना सोडण उचलून परत रांगेत ठेवायला सांगितलं आणि गाडी रिव्हर्सला टाकली.

"परत एकदा," म्हणाले.